हनुवटीचा प्रश्न: फ्लिप हेल्मेट की फुल फेस?

कल्याणात हेल्मेट डोक्यावर जितकं दिसतं तितकंच कोपरात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं आणि पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं दिसतं. नाक्यावर पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं, दुर्गाडीचा पूल ओलांडला की पुन्हा कोपरात येतं. घालावं की नाही या वादातच आपला सगळा जोर संपतो. कोणतं घालावं हा प्रश्न मग दुकानाच्या काउंटरवर, दुकानदाराच्या भरवशावर पाच मिनिटांत उरकला जातो. त्या काउंटरवर गेल्या काही वर्षांत एक जोडी हमखास मांडलेली असते. एक फुल फेस, म्हणजे अखंड कवच आणि उघडणारी फक्त काच. दुसरं फ्लिप, ज्याचा हनुवटीपुढचा भाग काचेसकट कपाळावर उचलता येतो. कोणी त्याला फ्लिप-अप म्हणतं, कोणी मॉड्युलर. दोन्ही कान झाकतात, दोन्ही हनुवटी झाकतात, आणि खालच्या थरात किंमतही फार लांब नसते. मग जे उघडतं तेच का घेऊ नये?

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना त्याचा हिशेब धरता येईल. हजार ते तीन हजारांत हेल्मेट घेणाऱ्याने फ्लिपच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या वर प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि तिथेही कल्याण-डोंबिवलीत रोज गाडी हाणणाऱ्या बहुतेकांना फुल फेसच बरं. फ्लिप ज्यांनी घ्यावं अशी माणसंही आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत.

सुरुवात हनुवटीपासूनच करायला हवी, कारण दोन्हींतला सगळा फरक तिच्यापुढच्या त्या आडव्या पट्टीत आहे. दुकानात तिला चिन गार्ड म्हणतात. टोपी हेल्मेट आणि हाफ फेस यांत ती नसतेच, म्हणून ती दोन्ही इथे विचारात घेत नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात डिटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर आघात नेमका कुठे बसला याची नोंद केली. तिच्यावरून काढलेली आकृती जगभरच्या दुचाकीस्वारांमध्ये फिरत असते. तिच्यात सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. टाळूवर, म्हणजे टोपी हेल्मेट ज्या जागेची सर्वांत जास्त काळजी घेतं तिथे, त्यामानाने फारच थोडे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. १९८१ साली आलेल्या त्या अहवालातही पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटने चेहऱ्याच्या जखमा कमी होतात हे स्पष्ट झालं.

कारण साधं आहे. दुचाकीवरचा माणूस अडखळला की पुढे फेकला जातो, आणि पुढे फेकलेला माणूस तोंडावर पडतो. आपल्याकडे हे घडायला वेगाचीही गरज नसते. पुढचं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं की हँडल हातातून सुटतं आणि स्वार त्याच्यावरून पुढे जातो. जुलै २०१८ मध्ये कल्याण-डोंबिवलीत खड्ड्यांनी पाठोपाठ बळी घेतले. शिवाजी चौकात दुचाकी खड्ड्यात आदळून मागे बसलेली महिला खाली पडली आणि अवजड वाहनाच्या चाकाखाली गेली. ते दृश्य सीसीटीव्हीत टिपलं गेलं आणि महाराष्ट्रभर पाहिलं गेलं. अशा मरणापुढे कुठलंही हेल्मेट काही करू शकत नाही, हे आधी मान्य करायला हवं. रस्ता नीट ठेवणं ही महापालिकेची जबाबदारी आहे, आणि ती आपल्या डोक्यावरच्या दीड किलो प्लास्टिकवर ढकलून चालणार नाही. पण त्याच खड्ड्यांत रोज कितीतरी माणसं पडतात आणि चाकाखाली न जाता उठतात. कोणाचे पुढचे दात जातात, कोणाचा खालचा जबडा तारेने बांधावा लागतो. हनुवटीचा प्रश्न या माणसांचा आहे.

हेल्मेट किती वेगाला वाचवतं याबद्दल गैरसमज मोठा आहे. युरोपीय ईसीई प्रमाणात हेल्मेट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटतात. हनुवटीला त्याहून कमी वेगाने. एवढाच वेग ऐकून अनेकांचा विश्वास उडतो, कारण कल्याण-शीळ रस्त्यावर रात्री कोणी ताशी २७ ने जात नाही. पण डोकं जमिनीवर ज्या वेगाने येतं तो मुख्यतः खाली पडण्याचा वेग असतो. पावणेतीन-तीन मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग साधारण तेवढाच असतो. गाडीचा पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरण्यात खर्च होतो, अर्थात वाटेत दुभाजक किंवा खांब आला नाही तर. शहरी वेगातल्या पडण्याला हेल्मेट पुरतं ते यामुळे. जगभरचे अभ्यास एकत्र करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष आहे.

आता फ्लिपकडे. ते फुल फेसपेक्षा वयाने लहान आहे. बेल कंपनीचं 'स्टार' हे पहिलं गाजलेलं फुल फेस १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, आणि १९६८ मध्ये डॅन गर्नीने ते फॉर्म्युला वनच्या शर्यतीत घातलं. बीएमडब्ल्यूने उघडणाऱ्या जबड्याचं 'सिस्टिम' हेल्मेट १९८१ मध्ये बाजारात आणलं. शर्यतवाल्यांना ते कधी रुचलं नाही. दिवसभर गाडीवर बसून माणसांशी बोलावं लागतं अशांना मात्र ते फार आवडलं, आणि युरोपातल्या अनेक पोलीस दलांनी ते उचललं. फ्लिपचा स्वभाव इथेच कळतो. ते थांबणाऱ्या माणसासाठी घडलेलं आहे.

त्याची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. कानशिलावरच्या बिजागऱ्यांत, आणि जबडा खाली आणल्यावर ज्याने तो कवचाला पकडून राहतो त्या खटक्यांत. ब्रिटिश सरकारच्या वाहतूक खात्याने २००७ मध्ये 'शार्प' नावाची योजना सुरू केली. तिच्यात हेल्मेट विकत घेऊन तपासतात आणि एक ते पाच तारे देतात. फ्लिप हेल्मेटांच्या बाबतीत तिथे आणखी एक आकडा छापतात: आघातांच्या चाचण्यांत चिन गार्ड किती टक्के वेळा पूर्ण बंद राहिला. काहींचा हा आकडा शंभर असतो, काहींचा बराच खाली असतो. म्हणजे सगळीच फ्लिप हेल्मेटं आघाताला उघडतात हा समज खोटा आहे, आणि कुठलंच उघडत नाही हाही. चांगल्या हेल्मेटात खटका धातूचा असतो, खिळ्यासारख्या पिनेवर घट्ट बसतो आणि दोन्ही बाजूंना एकदमच 'टक्' वाजतो. स्वस्तात तोच भाग प्लास्टिकचा असतो. सहा महिन्यांच्या धुळीनंतर एक बाजू बसते, दुसरी बसल्यासारखी वाटते. कुकरचं झाकण लागलं असं वाटावं आणि शिट्टीच होऊ नये, तशी ही गत. फरक इतकाच की इथे शिट्टी झाली नाही हे पडल्यावरच कळतं.

युरोपीय प्रमाणपत्राच्या पट्टीवरची अक्षरं मला म्हणूनच फार उपयोगी वाटतात. हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्यावर एक छोटी शिवलेली चिठ्ठी असते. तिच्यावर 'पी' असेल तर हनुवटीचं संरक्षण तपासलेलं आहे. 'जे' असेल तर हनुवटीपुढे संरक्षणच नाही. 'पी/जे' असेल तर ते फ्लिप बंद स्थितीत फुल फेस म्हणून आणि उघड्या स्थितीत ओपन फेस म्हणून, असं दोन्हीकडून पास झालेलं आहे. आणि 'एनपी' अशी अक्षरं असतील तर समोरची पट्टी दिसायला चिन गार्ड असली तरी संरक्षण म्हणून धरायची नाही, असं उत्पादक स्वतःच सांगतो आहे. नुसतं 'पी' असलेलं फ्लिप जबडा वर करून चालवण्यासाठी नाही. सिग्नलला थांबलं, वर केलं, निघताना खाली आणलं, एवढ्यापुरतंच ते आहे. 'पी/जे'वाल्यात बहुधा एक छोटी कळ असते, जिने जबडा वरच्या स्थितीत अडकवता येतो. याच प्रमाणाची २२.०६ ही नवी आवृत्ती तिरक्या आघाताने डोक्याला बसणारा पीळही मोजते. अमेरिकेच्या 'डॉट' प्रमाणात मात्र चिन गार्डची चाचणीच नाही, आणि ते प्रमाणपत्र उत्पादक स्वतःच स्वतःला देतो. हमरस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्या हेल्मेटांवर 'डॉट'चं स्टिकर इतकं का आवडतं, याचा उलगडा त्यातून होत असावा.

आपल्या आयएसआयचं काय? कायद्याने तेच लागतं. आयएस ४१५१ हे दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय प्रमाण, आणि केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट बनवणं, आणणं, विकणं बेकायदा आहे. मग ते ईसीईचं का असेना. खूण खरी की छापलेली हे बघायचं असेल तर तिच्याखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव समोर येतं. जून २०२५ पर्यंत देशात असे वैध परवाने असलेले १७६ उत्पादक होते. दुकानात उभं राहून हे करायला एक मिनिट लागतं, आणि दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण आयएसआयच्या खुणेवरून जबडा कसा तपासला याचा 'पी' आणि 'जे'सारखा उघड खुलासा गिऱ्हाइकाला मिळत नाही. म्हणून फ्लिप घेणाऱ्याने आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेलंच घ्यावं, असं मी म्हणतो. इथेच किमतीची पायरी येते. पाच-सहा हजारांच्या खाली अशी दुहेरी खूण असलेलं फ्लिप सहसा मिळत नाही.

आणि किंमत हाच माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा आहे. बेळगावच्या वेगाचं 'क्रक्स', फरिदाबादच्या स्टड्सचं 'निन्जा' ही फ्लिपची नावं आपल्या बाजारात कधीपासून घरोघरी पोचली आहेत, आणि या प्रकाराची ओळख सामान्य माणसाला त्यांनीच करून दिली. प्रश्न एखाद्या कंपनीचा नाही, अंकगणिताचा आहे. पंधराशे रुपयांच्या फुल फेसमध्ये ते पैसे कवच, आतला कडक थर्माकोल, काच, पट्टा आणि अस्तर एवढ्यांत वाटले जातात. त्याच पंधराशेच्या फ्लिपमध्ये दोन बिजागऱ्या, दोन खटके, उघडायची कळ आणि तिची तार यांचाही वाटा काढावा लागतो. तो वाटा कुठून तरी कापला जातो. कधी काच पातळ होते, कधी अस्तर लवकर सैल पडतं. बऱ्याचदा हनुवटीच्या आतला थर्माकोलच गायब असतो आणि त्याच्या जागी नुसता मऊ स्पंज येतो. फुल फेसमध्येही ही लबाडी होतेच. दुकानात चिन गार्डच्या आत बोट घालून दाबून पाहावं. खाली कडक, पण नखाने हलकेच खूण पडेल असा थर लागला तर ठीक. स्पंज दाबून बोट थेट प्लास्टिकला टेकलं तर ते हेल्मेट परत शेल्फवर. हनुवटीवरचा जोर जबड्याच्या सांध्यांतून कवटीच्या बुडापर्यंत जाऊ शकतो, ही शंका डॉक्टरांनी फार पूर्वीच मांडली आहे. तो जोर वाटेत खाणारा थर तोच.

वजनाचंही असंच आहे. चांगलं फुल फेस साधारण तेराशे ते दीड हजार ग्रॅमचं, फ्लिप सोळाशे ते अठराशेचं. दोन-तीनशे ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण मानेला ते संध्याकाळी कळतं. कल्याणच्या माणसाला आणखी एका जागी कळतं, ते म्हणजे लोकलमध्ये. गाडी स्टेशनजवळच्या पार्किंगला लावायची आणि हेल्मेट आरशाला टांगून ठेवायचं, तर संध्याकाळी ते असेलच याची खात्री नसते. म्हणून हजारो लोक ते घेऊनच फास्ट लोकलमध्ये चढतात. छातीशी धरलेल्या बॅगेच्या वर अजून एक हेल्मेट, आणि समोर उभ्या असलेल्याच्या बरगडीत त्याचा कोपरा. यावर उपाय म्हणून चोरीला गेलं तरी हळहळ वाटणार नाही असं स्वस्तातलं हेल्मेट घेण्याची पद्धत आहे. ती मला समजते, पण पटत नाही. गाडीच्या सीटखाली अडकवायचं कुलूप शे-दोनशे रुपयांत मिळतं.

कागदावर फ्लिपचा मोठा दोष दोन-तीनशे ग्रॅमचा किंवा थोड्या जास्त आवाजाचा असतो. आपल्या गावात तो वेगळाच आहे: ते उघडं राहतं. कल्याण-डोंबिवलीतला प्रवास थांबत-थांबत होतो. जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, तेव्हापासून जानेवारी २०२१ मध्ये नवा खुला होईपर्यंत तर एका पिढीने गाडी चालवणं म्हणजे पाय खाली टेकवत सरकणं असंच शिकून घेतलं. आता मेट्रोच्या खांबांनी आणि खोदकामांनी तो अभ्यास चालू ठेवला आहे. चक्कीनाका, टाटा पॉवर नाका, काटई, दोनशे मीटर पुढे जायचं आणि पुन्हा थांबायचं. दमट उन्हात जबडा वर जातो हे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच, की वाट मोकळी झाली की तो खाली येत नाही. एक हात क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर, मागून हॉर्न. पुढच्या नाक्यापर्यंत तसंच जाऊ, असं म्हणत माणूस पलाव्यापर्यंत पोचतो. अशा वेळी डोक्यावर फ्लिप नसतं. कपाळावर पाव किलोचा वाढीव जबडा घेतलेलं ओपन फेस असतं, आणि वेग वाढला की वारा तो मागे खेचत राहतो. घरपोच जेवण नेणारी पोरं नाक्यावर बघावीत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या फ्लिपचा जबडा सकाळी वर जातो आणि रात्रीच खाली येतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पत्ता विचारायचा, फोन घ्यायचा, सोसायटीच्या गेटवर तोंड दाखवायचं, हे त्यांचं काम आहे. (पान खाणाऱ्यांची सोयही फ्लिपने केली आहे, हे न सांगणं अन्यायाचं होईल. फुल फेसमध्ये काच वर करायला विसरलेल्या गुटखाप्रेमीचं पुढे काय होतं, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी.)

तेव्हा निवड करताना स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: मी ते खाली आणीन का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेल, तर फुल फेसच घ्यावं. त्यात आळशीपणाला वाव कमी असतो. फार तर काच उघडी राहील, हनुवटी झाकलेलीच राहील.

उकाड्याची तक्रार खरी आहे. ठाणे-कल्याणचा मे महिना हेल्मेटमध्ये घालवणं ही काही सुखाची गोष्ट नाही. पण फुल फेसमध्येही हवा खेळवण्याची छिद्रं असतात, पुढे हनुवटीला आणि वर कपाळाशी. स्वस्तात ती अनेकदा नुसती शोभेची असतात. बाहेर जाळी, आणि आत थर्माकोल सलग. दुकानात बाहेरच्या छिद्रातून आत उजेड दिसतो का ते पाहावं. अस्तर काढून धुता येणारं असावं, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत त्या वासाला घरातलं माणूसही जवळ येत नाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे, तर शहाडकडून निघून कांबा, गोवेली, मुरबाड, टोकावडे करत माळशेजला जाणाऱ्यांसाठी चार शब्द. हाच रस्ता पुढे कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१. शनिवार-रविवारी त्याच्यावर ठाणे जिल्ह्याची सगळी तरुणाई असते. घाटातल्या धुक्यात काच आतून गढूळ होते आणि फ्लिपवाले जबडा दोन बोटं उघडा ठेवतात. हे सर्वांत वाईट. अर्धवट बसलेला खटका आघाताला टिकणार नाहीच, वर उघडा जबडा झटक्यात खाली आदळून डोळ्यांसमोर अंधार करतो. फुल फेसची काच पहिल्या खाचेवर ठेवता येते, तेवढी फट वाफ बाहेर जायला पुरते. आत लावायची पिनलॉकची दुसरी पारदर्शक पट्टी मिळाली तर उत्तमच. मात्र ती बसवायला काचेला दोन पिना आधीपासून असाव्या लागतात, हे घेतानाच पाहावं. साबण, बटाटा, शांपू हे घरगुती उपाय अर्धा तास चालतात. घाट त्याहून मोठा आहे. काळी काच मात्र अशा सफरीला नकोच. माळशेजमध्ये चार वाजता संध्याकाळ होते.

फ्लिप कोणी घ्यावं? पहिले चष्मेवाले. फुल फेसमध्ये चष्मा काढून, हेल्मेट घालून, मग दांड्या गालाच्या गाद्यांतून सरकवत चष्मा चढवण्याची कसरत रोज दहा वेळा करणाऱ्याला विचारावं. अस्तरात चष्म्यासाठी खाच असलेली फुल फेस मिळतात आणि त्यांनी काम भागतं, पण जाड भिंगाच्या माणसाला नाही. दमेकरी, बंदिस्तपणाची धास्ती असणारे, कानात यंत्र घालणारे, मोठा अंबाडा किंवा दाढी असणारे, हे दुसरे. बोलण्याचं काम असणारे तिसरे. या सगळ्यांना फ्लिप न घेण्याचा सल्ला देणं म्हणजे हेल्मेटच न घालण्याचा सल्ला देण्यासारखं होईल, कारण गैरसोयीचं हेल्मेट शेवटी आरशालाच टांगलं जातं. त्यांनी चांगलं, 'पी/जे'चं घ्यावं, दर महिन्याला खटक्यातली धूळ ब्रशने काढावी, आणि निघताना जबडा खाली आणून दोन्ही हातांनी एकदा वर ढकलून बघावा.

माप मात्र दोन्हींत सारखंच महत्त्वाचं, आणि तिथेच लोक सर्वांत जास्त फसतात. भुवयांच्या किंचित वर टेपने डोक्याचा घेर मोजावा. नवं हेल्मेट गालांना थोडं चावायला हवं. काही आठवड्यांत अस्तर बसतं. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकललं आणि ते डोळ्यांवर आलं तर ते मोठं आहे. पट्टा न बांधता घातलेल्या हेल्मेटबद्दल काय सांगावं? ते पहिल्या आपटीलाच निघून जातं, मग फुल फेस असो की फ्लिप.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागतं. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजार रुपये, आणि तीन महिने परवाना जाण्याची तरतूद. महाराष्ट्रात अंमलबजावणीचा इतिहास मात्र गमतीदार आहे. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली आणि ओरड होताच ती मागे पडली. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. मागे बसणाऱ्याला हेल्मेटची सक्ती मुंबईत जून २०२२ पासून सुरू झाली. राज्यभर त्यासाठी वेगळी कारवाई करण्याचे आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाले. या कुठल्याही आदेशात फ्लिपचा जबडा वर असेल तर काय, याचं उत्तर नाक्यावरच्या हवालदाराला मिळत नाही. त्याच्या दृष्टीने डोक्यावर काहीतरी आहे, एवढं बस्स.

फ्लिपच्या बाजूने एक मुद्दा मात्र निर्विवाद आहे. पडलेल्या माणसाचा श्वास मोकळा करायचा झाला तर फ्लिपचा जबडा उचलला की तोंड-नाक समोर येतं, मान हलवावी लागत नाही. फुल फेसमध्ये बघ्यांची पहिली चूक हीच होते, हेल्मेट ओढून काढण्याची. मानेचा मणका दुखावलेला असेल तर त्याने माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. श्वास चालू असेल तर काच उघडावी, पट्टा सैल करावा आणि १०८ ला फोन करावा. काढावंच लागलं तर दोघांनी: एकाने खालून मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंना फाकवत हळूहळू सरकवायचं. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या कटकटीत ओढता येणार नाही, असं कलम १३४-अ हे २०१९ पासून कायद्यात आहे. तरीही लोक घाबरून लांब उभे राहतात.

राहता राहिला मागे बसणारा. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार देशात मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. कल्याणच्या रस्त्यांवर हे चित्र रोज दिसतं. पुढे नवऱ्याच्या डोक्यावर सात हजारांचं फ्लिप, मागे बायकोच्या डोक्यावर हमरस्त्यावर घेतलेलं दोनशे रुपयांचं टोपी हेल्मेट किंवा नुसती ओढणी, आणि मध्ये उघड्या डोक्याचं पोर. चार वर्षांखालच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि बांधून ठेवणारा पट्टा हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला आहे, पण तो पट्टा कल्याणात मला अजून कुणाच्या गाडीवर दिसलेला नाही. फ्लिप की फुल फेस हा प्रश्न सात हजारांवर अडला असेल, तर त्यात तीन-साडेतीन हजारांची दोन चांगली फुल फेस येतात. दुसरं घेताना मात्र ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला दुकानात सोबत न्यावं लागतं. अंदाजाने आणलेलं माप हमखास चुकतं, आणि चुकलेलं हेल्मेट मागे बसणारीही कोपरातच अडकवते.